फोटोतली कडी

१

पोहणाऱ्या बाईंच्या रक्तात पेशी सापडल्या नाहीत. एकसुद्धा नाही.

बाईंनी उभा जन्म मुलांना पोहायला शिकवण्यात घालवला होता. पुढे दमा असा बोकांडी बसला की तलावाच्या पायरीवर त्यांचं पाऊल पडून नऊ वर्षं झाली. गोळ्यांनी तोंड सुजलं, हाडं ठिसूळ झाली, जिना चढायचा तर वाटेत खुर्ची मांडावी लागे. सगळे उपाय थकले तेव्हा त्यांनी या हॉस्पिटलातल्या नव्या उपचाराला होकार दिला.

उपचार सांगायला सोपा आहे. माणसाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढायच्या. श्वासनळी सतत सुजवत ठेवणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात, त्या ओळखून त्यांचा फडशा पाडायला या लढाऊ पेशींना प्रयोगशाळेत शिकवायचं. मग त्यांची संख्या वाढवायची, पिशवीत भरून गोठवायच्या आणि ठरल्या दिवशी वितळवून परत शिरेत सोडायच्या. एकाच्या पेशी दुसऱ्याला चालत नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या नावाच्या दोनच पिशव्या, एक द्यायची आणि एक राखीव.

बाईंना पिशवी देऊन दीड महिना झाला होता आणि दमा होता तिथेच होता. या उपचाराचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांनी निकाल ठोकून दिला की बाईंच्या शरीरानं पेशी नाकारल्या. ज्याच्या शरीरानं नाकारलं त्याची राखीव पिशवी नष्ट करायची, असा नियम. बाईंच्या पिशवीसाठी शुक्रवार ठरला.

प्रकरण मिटवायला तपासनीसची सही लागत होती. हॉस्पिटलात काही बिघडलं की ते का बिघडलं हे शोधणं, हे तिचं काम. सगळीकडे नाक खुपसते म्हणून माणसं तिला मागून ‘नाकाडी’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्यातली गंमतही माहीत होती, कारण दोन वर्षांपूर्वीच्या एका तापात तिला वास येणं कायमचं बंद झालं होतं. अत्तर आणि गटार तिला सारखंच.

सही करून मोकळं व्हायचं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. पण तिनं एक आगाऊपणा केला. पिशवी दिल्याच्या दुसऱ्या सकाळी घेतलेलं बाईंचं रक्त राखून ठेवलेलं होतं, ते तपासायला लावलं. या पेशींवर प्रयोगशाळेनं कोरलेली खूण असते, आणि पेशी मेल्या तरी दुसऱ्या दिवशी ती खूण रक्तात हमखास सापडते.

बुधवारी सकाळी उत्तर आलं. शून्य.

नाकारायचं म्हटलं तरी आधी कुणीतरी दारात यावं लागतं. इथे कुणी आलंच नव्हतं. गोठवायच्या टाकीपासून बाईंच्या शिरेपर्यंतच्या वाटेत कुणीतरी त्या पेशी गायब केल्या होत्या.

२

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या नवऱ्यानं उघडलं. वॉर्डात त्याला तक्रारकाका म्हणत आणि नाव चुकीचं पडलेलं नव्हतं. तपासनीस बसते न बसते तोच काकांची गाडी सुटली. हॉस्पिटलातली सोबत्याची खाट म्हणजे पाटावर चादर. चहा म्हणजे गरम पाण्याला दाखवलेली चहाची पुडी. उशीत काय भरलं होतं ते एकदा कुणीतरी फाडून बघावं.

“आणि तो शेजारचा बसड्रायव्हर,” काका म्हणाले. “त्यालाही त्याच दिवशी पिशवी दिली. आमच्या दाराला दार. माणूस लसूण सोलून खात होता की लसणात झोपत होता, देव जाणे. आमचं दार उघडलं की भपकारा आत. दोन दिवस मी दार दाबून बसलो होतो. हॉस्पिटलात असलं खाऊ देतात?”

“अहो, पुरे आता,” बाई म्हणाल्या. एवढं बोलूनही त्यांना थांबून श्वास घ्यावा लागला.

त्या खिडकीपाशी उशांना टेकून बसल्या होत्या. डोक्याला रुमाल होता. पेशींना जागा व्हावी म्हणून आधी जे औषध देतात त्यानं केस गेले होते, आणि आता कुठे नखभर आले होते. तपासनीसनं त्या दिवसाचं विचारलं. फारसं काही आठवत नाही, असं त्या म्हणाल्या. सिस्टरनं चघळायला लिंबाची गोळी दिली, घशात विचित्र चव येईल म्हणाली. चव काही आली नाही. मग ती गोळी काकांनीच खाल्ली.

“तीही नकली होती. लिंबाचा पत्ता नाही,” काकांनी जोडलं.

त्यांनी फोनमधला फोटो दाखवला. मोठ्या साहेबांची तशी पद्धत होती. पिशवी ते स्वतःच्या हातानं अडकवत, आणि त्याआधी ती हातात उंच धरून पेशंटसोबत फोटो काढवून घेत. खिडकीसमोर चेहरा काळा येतो म्हणून दाराकडे पाठ करून. त्या दिवशी उपचाराला मदत करणारे पाहुणेही आले होते. टाळ्या वाजल्या होत्या.

“फोटो बघा. साहेब हसतायत, ही हसतेय, पिशवी दिसतेय, पिशवीमागे दाराची कडी दिसतेय. मी कुठाय? अर्धा कान आलाय माझा. कडी आली, नवरा कापला.”

तपासनीसला हसू आलं. बाईंना आलं नाही.

“मॅडम, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “साहेब म्हणाले, माझ्याच शरीरानं नको म्हटलं. म्हणजे आत मीच वाईट आहे का काही? ड्रायव्हरला लागू पडलं. तो म्हणे जिने पळत चढतो. मला एकदा पाण्यात उतरायचं होतं. पोहायचं नाही, नुसतं गळ्यापर्यंत उभं राहायचं होतं.”

तपासनीसनं तो फोटो आपल्या फोनवर मागून घेतला. का, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

३

टाकी आणि शीर यांच्यामध्ये माणसं तीनच होती. पिशवी वितळवणारा, पिशवी अडकवणारे साहेब, आणि नळी जोडून पेशंटपाशी बसणारी सिस्टर.

सिस्टर बोलायला फटकळ होती. आमच्यावर घसरणार असाल तर आत्ताच सांगा, मी जेवून घेते, असं ती आधीच म्हणाली. मग तिनं सरळ सांगितलं. नाव दोनदा ताडून पाहिलं, पिशवीच्या चिठ्ठीवर बाईंचंच नाव होतं, नळी जोडली, थेंब सुरू झाले. साहेब आणि पाहुणे यांच्या गर्दीत पिशवी तिनं हातात घेतलीच नाही, वर अडकवलेली बघितली आणि लगेच ड्रायव्हरच्या खोलीत धावली. लिंबाची गोळी दोघांनाही दिली होती का? दिली होती. ती सगळ्यांनाच देते, कारण पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून ज्या द्रवात ठेवतात, त्याची चव घशात उतरते. पेशंट दोन दिवस वैतागतात.

“नुसती चव?” तपासनीसनं विचारलं.

“चव काय, वास काय. अख्खा पॅसेज दरवळत होता त्या दिवशी. मी खिडक्या उघडून उघडून दमले.” मग तिच्याकडे बघून ती जरा ओशाळली. “तुम्हाला नाही कळायचं ते, मॅडम.”

पिशवी वितळवणारा तरुण माणूस होता. दिवसभर गोठवायच्या टाक्यांशी खेळतो म्हणून सगळे त्याला बर्फ्या म्हणत. त्याच्या खोलीत कोमट पाण्याचं भांडं होतं, कपाटात त्याच जातीच्या कोऱ्या रिकाम्या पिशव्या होत्या, आणि दाराबाहेर भिंतीवर फळा होता. ‘चुकीविना गेलेले दिवस’ असं वर रंगवलेलं, खाली खडूनं आकडा. तो आकडा मोठे साहेब रोज सकाळी सगळ्यांसमोर स्वतः पुसत आणि एकानं वाढवत. पाहुणे आले की त्यांना आधी फळा दाखवत आणि मग पेशंट.

बर्फ्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली, फार बरोबर. पिशवी टाकीतून काढली, कोमट पाण्यात धरली, चिठ्ठी तपासली, नेऊन दिली. काही अडचण? नाही. पिशवी कधी फुटते का? हो, एवढ्या थंडीतून काढल्यावर प्लास्टिकला कधीकधी चीर जाते. इथे गेली होती कधी?

तो फळ्याकडे बघत राहिला. “माझ्या आधी इथे एकजण होता,” तो म्हणाला. “त्यानं चीर गेल्याचं सांगितलं होतं. फळा शून्यावर आला. पुढच्या आठवड्यात तो नव्हता.”

पुढे काही विचारायच्या आत त्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि पांढऱ्या वाफेत चेहरा लपवला.

४

तपासनीस मोठ्या बहिणीसोबत राहायची. वास गेल्यापासून घरातलं नाक ताई झाली होती. आंबलेलं, करपलेलं, कुबट, सगळ्याची वर्दी तीच द्यायची आणि वर टोमणा फुकट.

गुरुवारी संध्याकाळी तपासनीस दोन्ही माणसांची उत्तरं डोक्यात घोळवत खुर्चीत बसली होती. सकाळी ती साहेबांना भेटली होती. त्यांनी तिला कॉफी दिली, उपचाराची थोरवी सांगितली आणि शेवटी, एका पेशंटसाठी शेकडोंचं भलं अडवू नका, असं म्हणाले. हे वाक्य तिनं इतक्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं होतं की त्याची तिला शिसारी होती. ते शेकडो कधी कुणाला भेटत नाहीत. अडवलेला मात्र नेहमी एकटा समोर बसलेला असतो, खिडकीपाशी, उशांना टेकून.

एवढ्यात ताई बाहेरून आली आणि दारातच थबकली.

“दूध करपवलंस ना पुन्हा?”

“मी दूध ठेवलेलंच नाही.”

ताईनं आत येऊन दार लावलं. उभी राहून दोनदा श्वास ओढला. “हं. गेला. शेजारच्यांचं आहे.”

“कसं कळलं?”

“त्यात काय कळायचंय? दार लावल्यावर वास जातो तो शेजारचा. आपला असता तर दार लावल्यावर वाढला असता.”

तपासनीस खुर्चीतून उठली.

दार उघडलं की भपकारा आत. दोन दिवस मी दार दाबून बसलो होतो.

“ताई, पेशींचा तो द्रव असतो ना, तो शिरेत गेला की माणसाच्या श्वासातून बाहेर येतो. त्याचा वास कसला येतो माहितीये?”

“मला कसं माहीत असणार?”

“लसणाचा,” ती म्हणाली. पुस्तकात वाचलं होतं, आयुष्यात कधी हुंगलं नव्हतं. सिस्टरनं वास म्हटलं, काकांनी लसूण म्हटलं आणि ती दोन्ही ऐकून बसून राहिली होती. “ड्रायव्हरनं लसूण खाल्लाच नव्हता. आणि बाईंच्या खोलीत वास बाहेरून येत होता. आतून काही येतच नव्हतं.”

तिनं फोन काढला. बाईंचा फोटो लावला. मग ड्रायव्हरला फोन करून त्याचा फोटो मागवला. तो आला तेव्हा दोन्ही एकाशेजारी एक ठेवले. तेच साहेब, तीच पद्धत, दाराकडे पाठ. ड्रायव्हरच्या फोटोतली पिशवी धुक्यानं भरलेल्या काचेसारखी होती, मागचं काही दिसत नव्हतं. कोट्यवधी पेशी असलेलं पाणी गढूळच असतं.

बाईंच्या पिशवीतून मागची कडी स्वच्छ दिसत होती. कडीचे दोन स्क्रूसुद्धा मोजता येत होते.

५

शुक्रवारी सकाळी ती सर्वांत आधी बर्फ्याच्या खोलीत गेली. दोन्ही फोटो त्याच्यासमोर ठेवले.

त्यानं एकदा बघितलं आणि फोन पालथा केला.

“सिस्टरनं केलेलं नाही,” ती म्हणाली. “पिशवीत पेशी नाहीत हे तिला माहीत असतं तर तिनं बाईंना गोळी दिली नसती. चव येणार असं तिला खरंच वाटत होतं. आणि या जातीच्या रिकाम्या पिशव्या फक्त तुझ्या कपाटात असतात. म्हणजे भरली तू. मला एवढंच सांग, कुणाच्या सांगण्यावरून?”

बर्फ्या खाली बसला. हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. कोमट पाण्यात धरल्यावर पिशवीच्या कोपऱ्याला चीर गेली आणि पेशी भांड्यात सांडल्या. तो पळत पॅसेजमध्ये गेला. साहेब पाहुण्यांना फळा दाखवत होते. त्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि राखीव पिशवी काढू का, असं विचारलं. राखीव काढायची तर चीर गेल्याचं जाहीर करावं लागणार होतं.

“साहेब काय म्हणाले?”

“म्हणाले, आत्तापुरतं कोऱ्या पिशवीत सलाईन भर आणि चिठ्ठी लावून आण. फोटो होऊन जाऊ दे. खरी पिशवी उद्या गुपचूप देऊ.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “मॅडम, उद्या आलाच नाही. मी रोज विचारायचो. मग विचारायचं बंद केलं. आज ती राखीव पिशवी मीच जाळायची आहे. ती बाई मला बाळा म्हणायची.”

“टाकीत आहे ना अजून?”

“आहे.”

“मग तिला हात लावू नकोस,” ती म्हणाली. बाहेर पावलं वाजली. साहेब फळ्यापाशी आले होते.

६

फळ्यापुढे रोजच्यासारखी सगळी उभी होती. साहेबांनी जुना आकडा पुसला आणि खडू उचलला. तपासनीसनं हात पुढे केला.

“खडू द्या जरा.”

सवयीनं माणूस मागितलेली वस्तू देतो, तसा त्यांनी दिला. तिनं फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं.

कुणीतरी खोकलं. साहेब हसले, पण ते हसू गालापर्यंतच गेलं. हे तुमचं काम नाही मॅडम, असं ते म्हणाले. हेच माझं काम आहे, असं तिनं सांगितलं आणि दोन्ही फोटो त्यांच्यासमोर धरले. बर्फ्यानंही बाहेर येऊन सांगितलं, पण साहेब ऐकायला तयार नव्हते. नोकरीला घाबरलेला पोरगा आहे, स्वतःची चूक माझ्या गळ्यात मारतोय, असं त्यांचं म्हणणं.

“मग त्याचं राहू द्या,” ती म्हणाली. “फोटोत पिशवी तुमच्या हातात आहे. या इमारतीत तुमच्याइतक्या पिशव्या कुणी हातात धरलेल्या नाहीत. त्याच दिवशी तुम्ही ड्रायव्हरची पिशवी धरली, ती अशी. आणि बाईंची अशी. हिच्यातून दाराची कडी दिसते, साहेब. तुम्हाला ती दिसली नाही असं म्हणायचं असेल तर म्हणा, म्हणजे उद्यापासून कुणाच्याही शिरेत काही सोडायला तुम्ही लायक नाही. दिसली होती असं म्हणणार असाल, तर सगळ्यांसमोर म्हणा.”

सिस्टर साहेबांकडे अशी बघत होती की त्यांनी नजर फळ्याकडे वळवली. तिथे शून्य होतं.

पुढे काय व्हायचं ते झालं, म्हणजे अशा ठिकाणी होतं तेच. साहेबांना प्रमुखपदावरून काढलं आणि वरच्या मजल्यावर सल्लागार केलं. मोठी माणसं खाली पडतानाही वरच पडतात. बर्फ्याला घालवायचं घाटत होतं. तेव्हा तपासनीस सरळ बैठकीत जाऊन म्हणाली की याला काढलंत तर पुढची चीर तुम्हाला कुणीच सांगणार नाही. पिशवीला चीर जाणं ही चूकही नव्हती, ते प्लास्टिक आहे. चूक भिंतीवर टांगलेली होती आणि तिच्यापुढे पाहुणे टाळ्या वाजवत होते. बर्फ्या राहिला. फळा मात्र तिनं स्वतः उतरवला. मागे भिंतीचा चौकोन पांढराफटक निघाला.

बाईंना सांगायला ती एकटी गेली. सगळं ऐकून काकांना पहिल्यांदाच तक्रार सुचत नव्हती.

“म्हणजे मी नको म्हटलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या शरीराला कुणी विचारलंच नव्हतं.”

राग येईल असं तिला वाटलं होतं, आणि तो पुढे आलाही, चांगला सणसणीत. पण त्या क्षणी बाईंनी डोक्याचा रुमाल काढला, नखभर केसांवरून हात फिरवला आणि हे पुन्हा जाणार ना, एवढंच विचारलं. जाणार होते. राखीव पिशवीसाठी ते औषध पुन्हा घ्यावं लागणार होतं.

“जाऊ देत,” त्या म्हणाल्या.

७

या वेळी फोटो नव्हता, पाहुणे नव्हते. बर्फ्यानं पिशवी दोन्ही हातांत धरून आणली. सिस्टरनं ती उजेडात उंच केली. तपासनीसनं पिशवीआडून दाराकडे पाहिलं. कडी दिसत नव्हती. धुकं होतं.

थेंब सुरू झाले. बाईंच्या गालात लिंबाची गोळी होती. थोड्या वेळानं त्यांनी तोंड वाकडं केलं.

“कसली घाण चव आहे हो.”

काकांनी खुर्ची मागे सरकवली. आधी नाकाला हात लावला, मग रुमाल. “अरे देवा. हा वास तुझा आहे? मी इथे दोन दिवस कसा राहू? सिस्टर, खिडकी उघडते का नीट? ही खिडकी आहे की भिंत?” ते उठून खिडकीशी झटत उभे राहिले, पाठ वळवून, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

तपासनीस संध्याकाळपर्यंत तिथेच बसली. तिला काहीच येत नव्हतं, नेहमीसारखी कोरी हवा. पेशी आत जाऊन काय करतील हे कळायला आठवडे लागणार होते. उपचार अजून नवाच आहे, कुणाला लागू पडतो, कुणाला नाही. पण या वेळी लागू पडला नाही, तर निदान ते न पडणं तरी खरं असेल.

घरी पोचली तेव्हा ताईनं दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरली.

“कुठे होतीस? शी! लसणाच्या पोत्यात लोळून आल्यासारखी येतेयस. आधी ते कपडे काढ.”

तपासनीसनं बाही नाकाशी नेली. डोळे मिटून खोल श्वास घेतला. काही आलं नाही.

“ताई, दार लाव,” ती म्हणाली. “आणि बघ, वाढतोय का?”

ताईनं दार लावलं. श्वास ओढला.

“वाढतोय की.”